फिरते घर ओढताना : पिकअपच्या गिअरबॉक्सची काळजी

आपल्या बँकेच्या अनेक ग्राहकांची आणि सहकाऱ्यांची मुले-मुली आज अमेरिकेत स्थायिक झालेली आहेत. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे काही महिने राहून येणे हा आता आपल्याकडील मध्यमवर्गीय कुटुंबांचा परिपाठच झाला आहे. अशा मुक्कामात तेथील एका हौसेचा परिचय बहुतेकांना होतो. ती हौस म्हणजे पिकअप ट्रकच्या मागे चाकांवरचे घर जोडून डोंगरदऱ्यांत भटकंतीला निघणे. या घराला तेथे ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ म्हणतात. त्यात पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर असे सारे काही असते. स्वतःचे इंजिन मात्र नसते. ते ओढण्याचा सगळा भार पुढच्या वाहनावर आणि त्यातही एका न दिसणाऱ्या अवयवावर पडतो. तो अवयव म्हणजे स्वयंचलित गिअरबॉक्स. त्याची निगा कशी राखावी, हे सोप्या भाषेत सांगण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

विषय वरकरणी दूरचा वाटेल. परंतु वाहन कर्जाने घेतलेले असो वा पुंजीतून, त्याच्या मर्यादा न ओळखता त्यावर भार टाकला तर काय होते, हा धडा कोठल्याही देशात सारखाच आहे. प्रस्तुत लेखक आयुष्यभर बँकेच्या कर्ज विभागात वावरला. तरीही हा धडा त्याला २०२३ साली, डोंगरातील एका रस्त्याच्या कडेला उभे राहून नव्याने शिकावा लागला.

त्या दिवशी काय घडले

जुलै महिना होता. कन्या, जावई, नात आणि आम्ही उभयता असे पाच जण डेन्व्हरहून पश्चिमेकडे निघालो होतो. यूटा राज्यातील लाल खडकांच्या कमानी पाहण्याचा बेत होता. पिकअप चार वर्षांपूर्वी कर्जाने घेतलेली होती आणि तिचे हप्ते अजून चालू होते. ट्रेलर त्याच वर्षी घेतलेला.

डेन्व्हर हे शहरच समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. तेथून ‘इंटरस्टेट ७०’ हा महामार्ग रॉकी पर्वतात शिरतो आणि शंभर किलोमीटरच्या आतच आयसेनहॉवर बोगद्यापाशी सुमारे ३,४०० मीटर उंची गाठतो. या बोगद्याची पहिली नळी १९७३ साली आणि दुसरी १९७९ साली वाहतुकीस खुली झाली. या वाटेवर कित्येक ठिकाणी ६ ते ७ टक्क्यांची चढण आहे. म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना सहा-सात मीटर वर चढायचे.

जॉर्जटाउन गाव मागे पडले आणि चढ तीव्र झाला. दुपारचे ऊन, वातानुकूलन पूर्ण चालू आणि वेग कायम राखणारी ‘क्रूझ’ यंत्रणाही चालू. गाडी एकदा खालच्या गिअरात जाई, इंजिन मोठ्याने गुरगुरे, मग पुन्हा वरचा गिअर पडे. हा खेळ मिनिटामिनिटाला चालला होता. माझे लक्ष सहज समोरच्या फलकावर गेले. गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमान दाखवणारा आकडा २४० अंश फॅरनहाइटच्या पुढे सरकला होता.

“जावईबापू, हा आकडा एवढा असायला हवा का?” मी विचारले.

“बाबा, बोगदा आता जवळच आहे. पलीकडे उतार लागला की होईल कमी,” ते म्हणाले.

बोगदा आला नाही. आकडा २६० वर, म्हणजे सुमारे १२७ अंश सेल्सिअसवर गेला. इशाऱ्याचा दिवा लागला आणि इंजिन जोरात फिरत असूनही गाडी पुढे सरकेनाशी झाली. कशीबशी ती कडेला घेतली. अवजड ट्रक हातभर अंतरावरून सुसाटत जात होते आणि मागे तीन टनांचे घर उतारावर ताणलेले होते. नातीला घेऊन आम्ही दोघे संरक्षक कठड्याच्या पलीकडे उभे राहिलो. ती पाऊण तासाची वेळ आम्ही कोणीच विसरणार नाही.

सहल तेथेच संपली. गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून परत आणावी लागली. गिअरबॉक्स उघडल्यावर आतील क्लच प्लेटा जळून काळ्या पडलेल्या आढळल्या. दुरुस्तीचे बिल काही हजार डॉलरांचे झाले. गाडीची हमी-मुदत संपलेली होती आणि यांत्रिक झीज व बिघाड यांचा खर्च तेथील नेहमीच्या वाहन-विम्यात येत नाही. दोन वर्षांच्या सहलींसाठी बाजूला काढलेली रक्कम एका दुपारी खर्ची पडली. कर्जाचा हप्ता अर्थातच थांबला नाही.

गिअरबॉक्समध्ये उष्णता येते कोठून?

हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये घर्षणावर चालणारा क्लच असतो. स्वयंचलित गाडीत त्याच्या जागी ‘टॉर्क कन्व्हर्टर’ असतो. त्याचे मूळ तत्त्व जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याने १९०५ साली जहाजांसाठी शोधले. मोटारीत पूर्णतः स्वयंचलित गिअरबॉक्सचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन प्रथम झाले ते जनरल मोटर्सच्या ‘हायड्रा-मॅटिक’च्या रूपाने, १९४० च्या ओल्ड्समोबिल मोटारींसाठी.

हे तत्त्व समजण्यास सोपे आहे. दोन टेबलपंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही फिरू लागतात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये हवेच्या जागी तेल असते. इंजिनाला जोडलेले पाते तेल ढकलते आणि ते तेल गिअरबॉक्सला जोडलेले पाते फिरवते. मधोमध बसवलेले तिसरे पाते परतणाऱ्या तेलाची दिशा बदलून गाडी निघताना अधिक जोर मिळवून देते. यामुळे गाडी झटके न देता सुटते. परंतु या सोयीची किंमत मोजावी लागते. दोन्ही पाती एकाच गतीने फिरत नाहीत. त्यांच्या गतीत जो फरक राहतो, तेवढी शक्ती तेल घुसळण्यात जाते आणि तिची उष्णता होते.

हिशेब मांडून पाहू. पिकअप आणि ट्रेलर मिळून वजन ५,९०० किलो आहे, चढण ६ टक्के आहे आणि वेग ताशी ७२ किलोमीटर आहे, असे समजा. केवळ हे वजन वर चढवण्यासाठी सुमारे ७० किलोवॉट शक्ती लागते. हवेचा आणि टायरांचा विरोध धरला तर हा आकडा १०० किलोवॉटच्या घरात जातो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये त्यातील दहा टक्के शक्ती वाया गेली, तरी ती होते १० किलोवॉट. घरातील २ किलोवॉटचे पाच गीझर एकाच वेळी त्या तेलात सोडल्यासारखे हे आहे. गिअरबॉक्समध्ये साधारण दहा-बारा लिटर तेल असते. ते थंड करण्याची सोय नसती, तर केवळ तेलाचा विचार करता त्याचे तापमान एका मिनिटात पंचवीस-तीस अंशांनी वाढले असते.

म्हणूनच अलीकडच्या गाड्यांतील टॉर्क कन्व्हर्टरमध्ये एक ‘लॉक-अप क्लच’ असतो. गाडी स्थिर वेगात असताना तो दोन्ही पाती एकमेकांना घट्ट जोडतो. घसरण थांबते आणि उष्णतेचे मोठे उगमस्थान बंद होते. मात्र चढावर भार वाढला, की हा क्लच सुटतो. गिअर वारंवार बदलत राहिला, तर तो पुन्हा पुन्हा सुटतो आणि लागतो. आमच्या गाडीत जे गुरगुरणे चालले होते, त्याचा खरा अर्थ हा होता. गाडी जणू उंच गिअर आणि नीच गिअर यांच्यात निर्णय न झाल्याने येरझारा घालत होती आणि प्रत्येक येरझारीत तेल तापत होते.

तापलेले तेल काय करते?

हे तेल एकाच वेळी चार कामे करते. ते शक्ती वाहून नेते, दंतचक्रांना वंगण पुरवते, दाब देऊन क्लच प्लेटा आवळून धरते आणि उष्णता बाहेर काढते. म्हणून तेल बिघडले की चारही कामे बिघडतात.

सामान्यतः हे तेल ८० ते ९५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहावे, अशी अपेक्षा असते. काही नव्या गिअरबॉक्समध्ये इंधन बचतीसाठी ते मुद्दामच थोडे अधिक गरम ठेवतात. त्यामुळे आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडा हाच प्रमाण मानावा. या व्यवसायातील लोकांचा एक जुना ठोकताळा मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे. नेहमीच्या तापमानावर प्रत्येक ११ अंश वाढीमागे तेलाचे आयुष्य निम्मे होते. म्हणजे ८० अंशांवर जे तेल दीर्घकाळ टिकले असते, ते ११३ अंशांवर त्याच्या एक-अष्टमांश काळच टिकेल. आपण बँकेत चक्रवाढ व्याजाची महती सांगतो. येथे तीच चक्रवाढ उलट दिशेने चालते.

सुमारे ११५ अंशांच्या पुढे तेलाचा चिकट थर आतील नाजूक झडपांवर जमू लागतो. १२५ ते १३० अंशांच्या सुमारास रबरी सील कडक होतात आणि तेलाचा दाब गळू लागतो. दाब कमी झाला की क्लच प्लेटा घट्ट धरल्या जात नाहीत व घसरू लागतात. घसरण्याने आणखी उष्णता निर्माण होते आणि तिने प्लेटांवरील घर्षणाचा थर जळतो. एकदा हे दुष्टचक्र सुरू झाले, की ते काही मिनिटांत पूर्ण होते. “बोगदा जवळच आहे” असे म्हणण्याची सवलत त्यात नसते.

मंजूर मर्यादा आणि प्रत्यक्ष उचल

दुरुस्तीच्या काळात मी गाडीची पुस्तिका वाचून काढली आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो. कर्ज विभागातील माणसाला यात एक ओळखीचे चित्र दिसले. खातेदाराची मंजूर मर्यादा एक असते. गोदामातील माल आणि मार्जिन पाहिल्यावर प्रत्यक्षात उचलता येणारी रक्कम वेगळीच निघते. ओढण्याच्या क्षमतेचेही तसेच आहे.

प्रत्येक पिकअपला उत्पादकाने ‘एकत्रित वजनमर्यादा’ ठरवून दिलेली असते. वाहन, माणसे, सामान आणि भरलेला ट्रेलर या सर्वांचे मिळून वजन त्या मर्यादेच्या आत हवे. आमच्या गाडीचे आकडे सोयीसाठी पूर्णांकांत घेतो. एकत्रित मर्यादा ६,००० किलो आणि रिकाम्या गाडीचे वजन २,२५० किलो. जाहिरातीत ओढण्याची क्षमता सुमारे ३,५८० किलो दिलेली होती. ती काढताना गाडीत चालक, एक प्रवासी आणि जोडणीचे साहित्य मिळून जेमतेम १७० किलो भार गृहीत धरलेला असतो.

आम्ही मात्र पाच जण होतो. माणसांचे ३१० किलो, जोडणीच्या सांगाड्याचे ४० किलो आणि मागच्या हौद्यातील सायकली, बर्फपेटी वगैरेंचे १०० किलो, असे एकूण ४५० किलो झाले. म्हणजे ट्रेलरसाठी ३,५८० नव्हे, तर ३,३०० किलोच उरले.

आता ट्रेलर पाहू. माहितीपत्रकात त्याचे वजन २,७०० किलो होते. परंतु ते रिकाम्या ट्रेलरचे. टाकीत १५० लिटर पाणी भरलेले, गॅसच्या टाक्या आणि बॅटरी ८० किलो, भांडीकुंडी, अंथरुणे व शिधा २७० किलो. बेरीज झाली ३,२०० किलो. जावईबापूंच्या मनात ८८० किलोंची शिल्लक होती. प्रत्यक्षात शिल्लक होती १०० किलोंची.

याहून गंभीर बाब पुढे निघाली. चालकाच्या दारालगतच्या खांबावर एक पट्टी चिकटवलेली असते. माणसे आणि सामान मिळून गाडीत किती वजन असावे, हे तिच्यावर छापलेले असते. आमच्या गाडीत तो आकडा ७५० किलो होता. ट्रेलरचा पुढचा जोड गाडीवर टेकतो आणि ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार तेथे पडतो. आमच्या बाबतीत तो ४०० किलो होता. त्यात ४५० मिळवले की ८५० होतात. म्हणजे मर्यादेपेक्षा १०० किलो जास्त. याचा परिणाम गिअरबॉक्सपुरता राहत नाही. गाडीचा मागील भाग दबतो, पुढील चाकांवरचा भार हलका होतो आणि सुकाणू व ब्रेक दोन्ही कमकुवत होतात.

यावर अंदाज नव्हे, वजनकाटा हेच उत्तर आहे. अमेरिकेत महामार्गांवरील मोठ्या ट्रक-थांब्यांवर सार्वजनिक वजनकाटे असतात. थोडे पैसे देऊन पूर्ण भरलेल्या गाडीचे आणि ट्रेलरचे वजन प्रत्येक आसानुसार मिळते. सहलीला निघण्यापूर्वी एकदा तेथे जाऊन यावे.

जाहिरातीतील क्षमतेचे आकडे निराधार मात्र नसतात. पूर्वी प्रत्येक उत्पादक आपापल्या पद्धतीने ते ठरवी. २००८ साली अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने ‘जे २८०७’ हे मानक प्रसिद्ध केले. पुढील काही वर्षांत प्रमुख उत्पादकांनी ते स्वीकारले. ॲरिझोना राज्यातील डेव्हिस धरणापासून युनियन खिंडीपर्यंतची ११.४ मैलांची चढण हा त्यातील कसोटीचा रस्ता आहे. किमान १०० अंश फॅरनहाइट उष्म्यात, वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून, साध्या मागील चाकांच्या पिकअपने ठरलेले वजन ताशी किमान ४० मैल वेगाने तेथे वर न्यावे लागते. ही परीक्षा खडतर आहे. परंतु ती नव्या, सुस्थितीतील वाहनाची असते. चार वर्षे जुने तेल घेऊन रॉकी पर्वतात निघालेल्या गाडीला ते प्रमाणपत्र जसेच्या तसे लागू होत नाही.

उंचीचा आणखी एक परिणाम ध्यानात घ्यावा. हवा विरळ झाली की टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती दर ३०० मीटरमागे सुमारे ३ टक्क्यांनी घटते. बोगद्याच्या उंचीवर ती जवळजवळ एक-तृतीयांशाने कमी झालेली असते. विरळ हवेने तेलही कमी थंड होते. गरज सर्वाधिक असते, तेथेच बळ आणि गारवा दोन्ही कमी पडतात.

काळजी कशी घ्यावी?

अनुभवी चालक आणि जाणकार मेकॅनिक यांच्याशी बोलून व पुस्तिका वाचून जे हाती आले, ते येथे क्रमाने देत आहे.

१. ‘टो-हॉल’ बटण दाबावे. ओझे ओढण्यासाठी बहुतेक पिकअपमध्ये ही सोय असते. तिने गाडी वरचा गिअर उशिरा टाकते, गिअरांची येरझार थांबते आणि उतारावर गाडी आपोआप खालच्या गिअरात येऊन वेग आवरते. आमच्या गाडीत हे बटण होते. ते त्या दिवशी कोणी दाबले नव्हते.

२. चढावर क्रूझ यंत्रणा बंद करावी. तिला केवळ वेग राखणे ठाऊक असते, तेलाची चिंता नसते. चालकाने स्वतः एक खालचा गिअर निवडावा, वेग कमी होऊ द्यावा आणि अवजड ट्रकांच्या मार्गिकेतून संथपणे चढावे. इंजिनाचा आवाज वाढला म्हणून घाबरू नये. वाजणारे इंजिन हे तापणाऱ्या गिअरबॉक्सपेक्षा केव्हाही बरे.

३. सपाटीवरही वेग मर्यादित ठेवावा. ट्रेलरचा पुढचा भाग भिंतीसारखा असतो आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५५ मैलांच्या तुलनेत ६५ मैलांवर तो सुमारे १.४ पट होतो. कॅलिफोर्निया राज्यात तर ट्रेलर ओढणाऱ्या वाहनांना ताशी ५५ मैलांचीच मर्यादा आहे.

४. तेलाच्या तापमानावर नजर ठेवावी. काही गाड्यांत हा आकडा फलकावर दिसतो. अन्य गाड्यांत निदान-जोडणीला लावायचे छोटे उपकरण वापरता येते. अशी जोडणी अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींत असतेच. ११० अंश सेल्सिअसच्या पुढे आकडा चढू लागला, की वेग आणि गिअर दोन्ही उतरवावेत. तरीही तो वाढतच राहिला, तर सुरक्षित जागा शोधून थांबावे.

५. थांबल्यावर इंजिन लगेच बंद करू नये. गिअर ‘पार्क’मध्ये टाकून, हातब्रेक लावून इंजिन काही मिनिटे चालू ठेवावे. तेल फिरत राहते आणि कूलरमधून थंड होते. गाडी ‘ड्राइव्ह’मध्ये ठेवून ब्रेकवर उभे राहिल्यास मात्र टॉर्क कन्व्हर्टर तेल घुसळतच राहतो. त्याचप्रमाणे चढावर ॲक्सिलरेटर दाबून गाडी रोखून धरणे हा तेल तापवण्याचा सर्वांत जलद मार्ग आहे.

६. तेलाचा कूलर तपासावा. रेडिएटरमध्येच तेल थंड करण्याची सोय असते. ओझे ओढण्याच्या जोडसाहित्यासह आलेल्या गाड्यांत बहुधा वेगळा कूलरही असतो. नसल्यास रेडिएटरमधून आलेले तेल पुढे या कूलरमध्ये जाईल, अशा रीतीने तो बसवून घ्यावा. थंड प्रदेशात तेल गरजेपेक्षा गार होऊ नये म्हणून तापमानानुसार उघडणारी झडप असलेला कूलर बरा. गाडी हमीच्या मुदतीत असेल, तर आधी उत्पादकाचे नियम पाहावेत.

७. तेल वेळेवर बदलावे. पुस्तिकेत ‘साधा वापर’ आणि ‘कठीण वापर’ अशी दोन वेळापत्रके असतात. ट्रेलर ओढणे हे दुसऱ्यात मोडते. ताजे तेल बहुधा लाल, पारदर्शक असते. ते तपकिरी झाले आणि जळका वास येऊ लागला, तर विलंब करू नये. तेल पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचेच हवे. पातळी कमी पडली तर दाब घटतो आणि जास्त झाली तर फेस होतो, म्हणून ती योग्य तापमानालाच मोजावी.

८. उताराचाही विचार करावा. आपल्याकडील जुने ट्रकचालक सांगत, की ज्या गिअरात घाट चढलास, त्याच गिअरात उतर. रॉकी पर्वतातही हाच नियम आहे. ब्रेक सतत दाबून ठेवले तर ते तापून निकामी होतात. तेथील उतारांवर ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी वाळू-खडीचे खास उतरते-चढते रस्ते बांधलेले दिसतात. ते आपल्याला कधी वापरावे लागू नयेत म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात. त्यांचा नियंत्रक नीट जुळवलेला आहे ना, हे निघण्यापूर्वीच पाहावे.

९. मुक्कामाच्या जागी ट्रेलर मागे लावताना घाई करू नये. मंद गतीने, चढावर, पुन्हा पुन्हा मागे-पुढे करताना हवा लागत नाही आणि टॉर्क कन्व्हर्टर सारखा घसरतो. मधे थोडी विश्रांती द्यावी. कच्च्या जमिनीवर चारही चाकांची मंदगती सोय असल्यास ती वापरावी.

पुन्हा तीच चढण

सप्टेंबरमध्ये आम्ही पुन्हा निघालो. या वेळी तयारी वेगळी होती. नवे तेल होते, रेडिएटरपुढे वेगळा कूलर बसवला होता. पाण्याची टाकी रिकामी होती, कारण मुक्कामाच्या ठिकाणी नळाचे पाणी मिळणारच होते. सायकली घरीच राहिल्या. ट्रेलरमधील निरुपयोगी सामान सौभाग्यवतींनी निर्दयपणे बाहेर काढले, त्यात माझी पुस्तकांची पेटीही गेली. वजनकाट्यावर ट्रेलर २,९५० किलो भरला. गाडीतील भार जोडासह ७३५ किलो, म्हणजे पट्टीवरील मर्यादेच्या आत. एकत्रित वजन ५,५८० किलो, म्हणजे ४२० किलोंचे मार्जिन शिल्लक. आयुष्यभर इतरांच्या खात्यांत जे मार्जिन मी हट्टाने मागत आलो, ते घरच्या गाडीत पाहण्याचे मात्र राहून गेले होते.

जॉर्जटाउन मागे पडल्यावर जावईबापूंनी टो-हॉल बटण दाबले, क्रूझ बंद केली आणि गाडी उजव्या मार्गिकेत घेतली. वेग ताशी ४५ मैल. मागचे वाहनचालक पुढे निघून जात होते, त्यांना जाऊ दिले. इंजिन एका सुरात वाजत राहिले. तापमानाचा आकडा २०० वरून २१० वर, मग २१५ वर गेला आणि तेथेच स्थिरावला. म्हणजे सुमारे १०२ अंश सेल्सिअस. जुलैत जेथे थांबलो होतो, तो कठडा उजव्या हाताला आला आणि गेला. गाडीत कोणी काही बोलले नाही. बोगद्याच्या दिव्यांत शिरल्यावर नातीने एवढेच विचारले, “आजोबा, आता बघितलं नाही तर चालेल ना तो आकडा?” मी म्हटले, “नाही बाळा, अजून उतार आहे.”

आज आपल्याकडेही स्वयंचलित गिअरबॉक्सच्या मोटारी मोठ्या संख्येने येत आहेत आणि भरलेल्या गाडीने घाट चढणे आपल्याला नवे नाही. ट्रेलर नसला तरी वर सांगितलेली पथ्ये तेथेही उपयोगी पडतील. वाहनाची पुस्तिका एकदा तरी संपूर्ण वाचावी, दारालगतची वजनाची पट्टी पाहावी, तेलाची तारीख लिहून ठेवावी. आणि आपली मुले परदेशी असा ट्रेलर घेणार असतील, तर हप्ता किती पडेल या प्रश्नाबरोबर आणखी एक प्रश्न त्यांना अवश्य विचारावा : भरलेल्या गाडीचे वजन करून पाहिलेत का?